रजिस्टर लग्नाची नोटीस आईबापांच्या घरी पाठवायची?

मुक्ता सांगली: कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे स्पेशल मॅरेजची, म्हणजे रजिस्टर लग्नाआधी तीस दिवस द्यावी लागते ती नोटीस थेट आईबापांच्या घरी पाठवा, म्हणजे पोरी फसणार नाहीत. अहो, आत्ता तरी ती कुठे लपवून ठेवतात? १९५४ च्या कायद्यात लिहिलंय, नोटिशीची वही कुणीही फुकट बघू शकतो, वर कागद ऑफिसात लावतात. माझ्या मैत्रिणीचा लागला होता, नाव, वय, पत्ता सगळं. कुणीतरी फोटो काढून तिच्या मामाला पाठवला, आठवड्याच्या आत पोरगी घरात कोंडलेली आणि फोन बंद. आक्षेपाला कारणं चालतात चारच, आधीचं लग्न, वय, जवळचं नातं, मानसिक स्थिती. जातधर्म त्यात नाहीच. मग मामाला कळायला पाहिजे कशाला?

कऱ्हाडकर बाप: ताई, पोटच्या पोरीचं लग्न बापाने तिऱ्हाइताकडनं ऐकायचं का? आमच्या भावकीतली पोरगी अशीच पळून गेली, लग्न केलं, नंतर कळलं पोराची पहिली बायको गावाकडं नांदतीय. बापाला आधी कळलं असतं तर वाचली असती.

मुक्ता सांगली: लग्न कुठे लागलं?

कऱ्हाडकर बाप: आळंदीला.

मुक्ता सांगली: मग काका, तिथे नोटीस होतीच कुठे?

वकीलबाई पुणे: हेच तर. दोघं हिंदू असले की १९५५ चा हिंदू विवाह कायदा, विधी झाले की लग्न झालं, नोंदणी नंतर. धर्म वेगळे असले आणि कुणालाच बदलायचा नसला की स्पेशल मॅरेजची नोटीस देऊन तीस दिवस थांबा. पहिली बायको लपवणारा कुठल्या रांगेत उभा राहील? माझ्याकडे अशा बायका येतात, हातात मंगल कार्यालयाचं सर्टिफिकेट आणि हार घातलेले चार फोटो.

इंद्रायणीकाठ: झालं, आले सगळे आळंदीवर! आमच्याकडे गोरगरिबांची लग्नं थोडक्या पैशात लागतात, दोन्हीकडची माणसं सोबत येतात. तुमच्या पुण्यातल्या हॉलचं एका दिवसाचं भाडं बघा आधी.

वकीलबाई पुणे: गरिबांच्या लग्नांबद्दल कोण बोलतंय? पळून आलेल्या जोडप्याला स्टँडवरच गाठणाऱ्या एजंटांबद्दल बोलतेय.

इंद्रायणीकाठ: आधार बघूनच लावतात. उगाच गावाला बदनाम करू नका.

वकीलबाई पुणे: आधारवर पहिलं लग्न दिसतं का हो?

कऱ्हाडकर बाप: तुमचं आळंदी राहू द्या बाजूला. आमची पोरगी नोटिशीनं वाचली नसती, मान्य, झालं समाधान? पण म्हणून बापाला काहीच कळू नये?

वकीलबाई पुणे: कळावं की, पण पोरीने सांगून. २०२१ च्या जानेवारीत अलाहाबाद हायकोर्टाने सांगितलं, जोडप्याने लेखी मागितलं तरच नोटीस लावा. चारही गोष्टी ऑफिसने खुशाल तपासाव्यात, दाराशी कागद कशाला?

कऱ्हाडकर बाप: कोर्टाला पोरगी नसती ताई.

मुक्ता सांगली: माझ्या मैत्रिणीला बाप होता, काका. कुलूप त्यानेच लावलं. पोरगी सांगत नाही तर कशाला भिते ते विचारा ना तिला. नोटीस घरी आली की ती भीती जाणार आहे का?

कऱ्हाडकर बाप: सगळे बाप कुलूप लावत नसत्यात.

मुक्ता सांगली: नसतील. पण तुम्ही मागताय तो कागद सगळ्याच बापांकडे जाणार.

इंद्रायणीकाठ: आणि ते स्टँडवरचे एजंट म्हणालात, ते शब्द आधी मागे घ्या.