मदत हवी आहे: फिरत्या ड्युटीत रोजच्या जपासाठी एकच मंत्र कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. रोज थोडा जप व्हावा असं बऱ्याच वर्षांपासून मनापासून वाटतं. होतोही, पण एक मंत्र धरून होत नाही. काही दिवस एक, मग दुसरा. जाणकारांनी आणि स्वतः नेमाने जप करणाऱ्यांनी मार्ग सुचवावा.

माहेर शिरोळ तालुक्यातलं, त्यामुळे नृसिंहवाडी अगदी घरची. आजीचं काम करता करता ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’ चालू असायचं, ते कुणी न शिकवता आम्हा भावंडांच्या तोंडात बसलं. सासरचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि सासरे माळकरी, आषाढीची वारी न चुकवणारे. सासूबाई म्हणतात, आता या घरची आहेस तर ‘रामकृष्णहरि’ म्हण. सक्ती नाही, प्रेमाने सांगतात. मला स्वतःला ‘ॐ नमः शिवाय’ म्हणताना श्वास संथ होतो असं जाणवतं. आणि वॉर्डातली मैत्रीण म्हणते, आपण मरणाच्या दारात काम करतो, तू महामृत्युंजयच कर, पेशंटलाही लाभ होईल.

ड्युटी कधी सकाळची, कधी रात्रीची. ब्राह्ममुहूर्तावर बसा, रोज एकच वेळ, एकच आसन, असं सगळे सांगतात, पण त्या वेळेला मी बहुतेकदा सलाइन बदलत असते किंवा हँडओव्हर देत असते. आंघोळ करून बसेन म्हटलं तर नाइटनंतर घरी येऊन डोळे मिटतात. पाळीच्या दिवसांत जप करावा की नाही, यावर घरातच दोन मतं आहेत.

आणखी एक, हे इथे पहिल्यांदाच विचारते आहे. जप मनात चालू असताना औषधाचा डोस काढायचा किंवा पंपाचा रेट लावायचा प्रसंग आला तर मी जप मुद्दाम तोडते. तिथे एका दशांश चिन्हाची चूकही पेशंटला भोवते. पण असा तोडलेला जप फुकट जातो का?

मोबाइलवर अमुक बीजमंत्र इतके दिवस करा, तमुक मिळेल, असे व्हिडिओ सारखे येतात. ते करावेत असं वाटत नाही, पण गुरूशिवाय मंत्र घेऊच नये असं त्यातच ऐकलं आणि मन धास्तावलं. मला दीक्षा नाही. मग मी जे म्हणते ते चालतं का?

— वाडीचीलेक

प्रतिसाद: वारीचीवाट

ताई, सासूबाईंचं ऐका. ‘रामकृष्णहरि’ला ना सोवळं लागतं, ना वेळ. हरिपाठात माउलींनी स्पष्ट सांगितलंय, ‘काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं’. जनाबाईंनी दळता कांडता नाम घेतलं, तुम्ही पेशंटची सेवा करता घ्या. हा मंत्र तुकोबारायांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. महाराष्ट्रात याहून मोठा मंत्र नाही.

प्रतिसाद: पाठशाळा

मी काही वर्षं वेदपाठशाळेत शिकलो आहे. तुम्ही घेतलेली नावं एका जातीची नाहीत, गोंधळ तिथे होतो आहे.

महामृत्युंजय हा ऋग्वेदातला मंत्र आहे, सातव्या मंडलातला (७.५९.१२), ऋषी वसिष्ठ. गायत्री तिसऱ्या मंडलातली (३.६२.१०), ऋषी विश्वामित्र. वेदमंत्राला स्वर, म्हणजे उच्चारातले चढउतार असतात, उदात्त, अनुदात्त, स्वरित, आणि ते कानांनी ऐकून, चुका दुरुस्त करून घेत शिकायचे असतात. गायत्री तर परंपरेने उपनयनातच दिली जाते. बाईमाणसाने वेदमंत्र म्हणू नयेत असं मी म्हणणार नाही. पुण्यातच ज्ञानप्रबोधिनीत स्त्रिया पौरोहित्य शिकतात आणि उत्तम करतात. पण त्यासाठी कुणासमोर तरी बसून शिकावं लागतं, आणि आज तुमच्या वेळापत्रकात ते बसेल असं दिसत नाही. पुढे जमलं तर जरूर शिका.

बीजमंत्र हा तंत्रमार्गाचा भाग. त्याला विनियोग (मंत्र कशासाठी ते सांगणं), न्यास (मंत्र म्हणत अंगाला स्पर्श करणं), ध्यान, संख्या, सगळं असतं. ‘गुरूशिवाय नको’ हे मुख्यतः त्याबद्दल म्हटलेलं आहे आणि ते योग्य आहे. पुरश्चरणाचंही, म्हणजे ठरावीक संख्येच्या जपाच्या अनुष्ठानाचंही, तसंच: गायत्रीचं पुरश्चरण २४ लाखांचं, अक्षरामागे एक लाख, आणि नंतर होम, तर्पण, मार्जन. हे व्हिडिओ पाहून करायचं काम नाही.

‘नमः शिवाय’ची जागा मधली आहे. ही अक्षरं कृष्ण यजुर्वेदातल्या रुद्राध्यायात येतात, ‘नमः शिवाय च शिवतराय च’ अशी. रुद्र म्हणायचा तर स्वरांसकट शिकायला हवा. पण पंचाक्षरी म्हणून हाच मंत्र शिवभक्तांच्या घराघरांत पोचला, आणि तिथे त्याला कुणी अडवत नाही.

उरलं नाम. त्याला खरोखरच विधी नाही. ‘हरे राम हरे राम’ हा सोळा नामांचा मंत्र ज्या कलिसंतरण उपनिषदात आहे, त्यात नारद ब्रह्मदेवाला विचारतात, याचा विधी काय? उत्तर येतं, विधी नाही. शुचि असो वा अशुचि, सदा म्हणावं. तुमच्या आंघोळीच्या आणि पाळीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. घरातल्या देव्हाऱ्याचे नियम घरातल्यांनी ठरवावेत, मनातल्या नामाला ते लागू नाहीत.

पेशंटसाठी प्रार्थना करायची असेल तर जे नाम तुमचं असेल त्यानेच करा, त्यासाठी वेगळा मंत्र लागत नाही.

प्रतिसाद: घाटरस्ता

मी एसटीत चालक होतो, आता निवृत्त. तुमचा डोसचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो, कारण घाटात गाडी चालवताना मलाही हाच प्रश्न पडायचा. मागे पन्नास माणसं बसलेली. वळणावर मी जप करत नसे. तिथे लक्ष स्टिअरिंगवर, आरशावर आणि समोरच्या गाडीवर. ते लक्ष म्हणजेच त्या वेळची पूजा, असं मी मानलं आणि आजही मानतो. ताई, डोस काढताना जप तोडताय ते शंभर टक्के बरोबर. काहीही फुकट जात नाही.

मी जप कामाच्या सांध्यांना बांधला होता. गाडी डेपोतून काढण्याआधी, फाटकाला थांबलो की, चहाला उतरलो की. तुमच्या कामातही असे सांधे असणार. मोजणी केली नाही. मोजायला लागलो की आकड्यातच मन जायचं.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

वाडीचीलेक, मी तुमच्याच मुलखातला. ‘दिगंबरा’ हा महामंत्र टेंबे स्वामींनी दिलेला, म्हणजेच वासुदेवानंद सरस्वतींनी (१८५४–१९१४). अठरा अक्षरांचा. तो वाडीच्या पालखीत हजारो माणसं एकत्र म्हणतात, कुणाच्या कानात गुपचूप सांगायचा मंत्र नव्हे. त्यामुळे दीक्षेची धास्ती इथे तरी सोडा. दत्तसंप्रदायात नियम फार, असं लोक म्हणतात, पण ते नियम गुरुचरित्राच्या पारायणाचे. पारायण वेगळं, नाम वेगळं.

पाठशाळा यांच्या एका मुद्द्यात थोडी भर. गुरू हवाच, पण तो आधी हवा असं नाही. संत बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश स्वप्नात झाला, देहूला त्या नंतर गेल्या. तुम्ही नाम धरा.

तुम्हाला एक विचारतो. कुठलाही मंत्र ठरवलेला नसताना, पेशंट अचानक खालावला, धावपळ झाली, आणि मग तुम्ही जरा भिंतीला टेकलात, तेव्हा तोंडात काय येतं?

प्रतिसाद: वाडीचीलेक

सगळ्यांचे आभार. घाटरस्ता काका, तुमचा प्रतिसाद मी मैत्रिणींनाही वाचून दाखवला. आमच्या कामात सांधा म्हणजे हात धुणं. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना नीट हात धुवायचे तर ४० ते ६० सेकंद लागतात, आणि ते दिवसभर चालू असतं. मास्कच्या आत ओठ हलले तर कुणाला दिसतही नाही.

कृष्णाकाठ, खरं सांगते, दिगंबराच येतं. दरवेळी. ‘ॐ नमः शिवाय’ मी शांत असते तेव्हा म्हणते, हे मात्र न बोलावता येतं. पण सासूबाईंना वाईट वाटेल, आणि सासऱ्यांच्या वारीचा मी फार आदर करते, म्हणून तिथे अडते आहे.

प्रतिसाद: वारीचीवाट

ताई, वर मी घाईने लिहिलं. तुकोबारायांच्या अनुग्रहाचा अभंग काल रात्री पुन्हा काढून बसलो. लगेच पुढच्या अभंगात ते म्हणतात, माझ्या मनातला भाव जाणून गुरूंनी उपाय केला, ‘आवडीचा मंत्र सांगितला सोपा’. म्हणजे तुकोबांना ‘रामकृष्णहरि’ मिळाला तो आधीपासून त्यांच्या आवडीचाच होता. पिढ्यान्‌पिढ्या घरात विठ्ठल होता त्यांच्या. तुमच्या आवडीचं तुमच्या आजीने दिलंय. ते सोडून आमचं घ्या असं मी सांगितलं तर तुकोबांच्याच शब्दाविरुद्ध होईल.

सासूबाईंना बरोबर बसवून संध्याकाळी हरिपाठ म्हणा, जेव्हा सुट्टी असेल तेव्हा. घरात सगळ्यांनी मिळून म्हणायचा तो हरिपाठ, आणि तुमचा एकटीचा जप तो दिगंबरा. त्यांना दुरावा वाटणार नाही. खंडोबाचा कुळाचार आहे तसाच चालू ठेवा, त्याची जपाशी स्पर्धा नाही.

प्रतिसाद: पाठशाळा

सहमत. फक्त एक सांगतो: ठरवलंत की निदान काही महिने बदलू नका. मधे कंटाळा येईल, दुसरा मंत्र अधिक गोड वाटायला लागेल. तेव्हा तो ऐका, म्हणा, पण जपाला बसताना हाच. ओठ हलवून, आवाज न काढता केलेल्या जपाला उपांशु म्हणतात, आणि तो मोठ्याने केलेल्या वाचिक जपापेक्षा श्रेष्ठ मानला आहे. मानस जप त्याहून वरचा, पण दमलेल्या शरीराला तो पेलत नाही, झोप लागते. मास्कच्या आतला जप तुम्हाला योग्यच आहे.

प्रतिसाद: वाडीचीलेक

ठरलं, दिगंबरा. आज सासूबाईंशी बोलले. हरिपाठाचं ऐकून त्यांनी लगेच पुस्तक शोधायला घेतलं.

शेवटचा प्रश्न. सुट्टीच्या दिवशी बसून माळ करावीशी वाटते. आजीची रुद्राक्षांची माळ माझ्याकडे आहे, तिचा दोरा विरला आहे. ती वापरलेली चालेल का, की नवी तुळशीची घ्यावी?

प्रतिसाद: कृष्णाकाठ

आजीचीच घ्या. दत्ताच्या जपाला रुद्राक्ष चालतो. मणी मोजून घ्या, १०८ आणि वर मेरुमणी (माळेच्या टोकाचा मोठा मणी), आणि नव्या पक्क्या दोऱ्यात दोन मण्यांमध्ये गाठ मारून ओवून घ्या. ओवणारे वाडीच्या बाजारात मिळतील. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. तर्जनी लावायची नाही. माळ ड्युटीवर नेऊ नका, हरवेल. तिथे हात धुणं आहेच.