आपली मंडळी फाटकाबाहेर केव्हा पाहणार?

पूर्व पुणेकर (धागाकर्ता):

सर्वांना सलाम. पुण्यातील एका मराठी मंडळीच्या (चर्चच्या) पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे कारभार पाहणाऱ्या समितीवर, मी नऊ वर्षे आहे. यंदाच्या वार्षिक सभेपुढे मी एक ठराव ठेवणार आहे. मंडळीने आपला वेळ, पैसा आणि माणसे यांची मांडणी सुवार्ताप्रसार (येशूचा संदेश लोकांपर्यंत नेणे) केंद्रस्थानी ठेवून नव्याने करावी, असे त्यात म्हटले आहे. त्याला विरोध होणार हे मला ठाऊक आहे आणि तो सभेपूर्वीच ऐकावा, म्हणून येथे लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात लातूरकडचा एक मुलगा सलग तीन रविवार आमच्या उपासनेत शेवटच्या बाकावर बसत होता. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी तो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत असे. उपासनेनंतर आम्ही सगळे आपापल्या नातेवाइकांच्या घोळक्यात उभे राहिलो आणि तो तिन्ही वेळा कोणाशीही न बोलता निघून गेला. चौथ्या रविवारी दुचाक्यांपाशी मी त्याला गाठले, तेव्हा त्याने विचारले, "काका, तारण म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे सोसायटीचं कर्ज काढताना जमीन तारण ठेवतात." आपल्याकडे तारण म्हणजे पापातून सुटका, हे मी वीस मिनिटे समजावले आणि त्याने मनापासून ऐकले. त्याचा फोन नंबर घेण्याचे मात्र मला सुचले नाही आणि तो पुन्हा आला नाही.

हा प्रश्न मला अजून छळतो. 'साक्ष' (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणे) म्हटले की बाहेरच्या माणसाला कोर्ट आठवते आणि 'मंडळी' म्हटले की घरची माणसे. हे शब्द टाकून द्यावेत असे मी म्हणत नाही, परंतु ते उलगडून सांगण्याची गरज आपल्याला भासत नाही, कारण समोर नवखा कोणी बसला असेल हे आपण गृहीतच धरत नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन यांतून ख्रिस्त मराठी माणसाच्या कानापर्यंत नेला. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. आपण त्यांची गीते दर रविवारी गातो आणि त्यांचे काम विसरतो.

माझ्या मते त्यासाठी नवी उपसमिती नको. ज्या घरांत आपण दर आठवड्याला प्रार्थनासभा घेतो, त्याच घरांत महिन्यातून एकदा शेजाऱ्यांना बोलवावे आणि त्यांना समजेल अशा मराठीत बायबलमधील वचन सांगावे. सुवार्ताप्रसाराचा खर्च आमच्या अंदाजपत्रकात 'इतर' या शीर्षकाखाली दडलेला असतो, त्याला स्वतःचे शीर्षक मिळावे.

निवृत्त शिक्षिका, खडकी:

आपली कळकळ समजते, पण ठरावाला माझा विरोध आहे. आमच्या भागातील एक वृद्ध विधवा चार महिने अंथरुणाला खिळून आहेत. एवढ्या काळात मंडळीतून एकच माणूस त्यांच्याकडे गेला, आणि तोही वर्गणीची पावती घेऊन. प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर आणि द्राक्षरस) त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही. दृढीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर करण्याचा विधी) झाले की आमची मुले उपासनेला येणे सोडतात. आपल्या कळपाची ही अवस्था असताना बाहेरच्या माणसाला आत बोलावून आपण त्याला दाखवणार काय? सुवार्ता सांगण्यासाठी सुवार्तिक नेमलेले असतात. त्यांचे वेतन वेळेवर द्यावे आणि पाळकसाहेबांना घरभेटींसाठी मोकळा वेळ मिळू द्यावा, एवढे केले तरी पुष्कळ आहे.

कसब्यातील शेजारी:

मी ख्रिस्ती नाही. मिशनच्या शाळेत शिकलो आणि त्या शिक्षकांविषयी माझ्या मनात आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंचे शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, 1889 मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. तेथे धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील या विश्वासावर अनेकांनी आपल्या मुली पाठवल्या होत्या. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ती जखम या शहराच्या आठवणीत आहे. तुम्ही मला प्रार्थनेला बोलावलेत तर मी आनंदाने येईन, पण घरात आजारपण असताना डबा घेऊन आलात आणि त्या डब्यामागे बाप्तिस्म्याचा हिशेब असेल, तर माझी फसवणूक झाली असे मी समजेन. मदत करायची असेल तर ती निव्वळ मदत असू द्या.

तरुण संघ, पिंपरी:

मला दोन्ही आक्षेप मान्य नाहीत आणि धागाकर्तेही फार दबकत बोलत आहेत असे वाटते. मत्तय 28:19 मधील 'सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा' ही आज्ञा पगारी सुवार्तिकांना उद्देशून दिलेली नाही. संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्म आचरण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. मग घरगुती सभा, शेजार, सोपी मराठी अशी आडवळणे कशाला? चौकात उभे राहून येशूचे नाव सांगावे. वर्षाला किती नवी कुटुंबे मंडळीत आली, याचे उद्दिष्टही ठरावात असावे.

कायद्याचा वाचक, शिवाजीनगर:

वाक्य अर्धेच सांगितले जात आहे. अनुच्छेद 25 चा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. शिवाय प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टॅनिस्लाउस खटल्यात दिला आहे. कुटुंबांचा आकडा ठरावात लिहून घेणे म्हणजे उद्या आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध कागद तयार करणे होय. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि या ठरावाची मला भीती वाटते.

पूर्व पुणेकर (धागाकर्ता):

आकडा ठरावात येणार नाही. त्याचे कारण केवळ भीती नाही. माणसाचे मन पालटणे हे देवाचे काम आहे, त्यावर मंडळीने उद्दिष्ट लावणे मला श्रद्धेच्या दृष्टीनेच चुकीचे वाटते. आपले काम सांगण्याचे आहे, आणि ते उघडपणे सांगण्याचे आहे.

कसब्यातील बंधूंचा मुद्दा मला सर्वांत जड वाटला. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुलींवर येण्याची सक्ती नव्हती, हे खरे असले तरी पालकांची समजूत वेगळी होती, हेही तितकेच खरे आहे. म्हणून आजारपणातील मदत आणि प्रार्थनेचे निमंत्रण ही दोन कामे वेगळी राहतील आणि निमंत्रणात 'येथे येशू ख्रिस्ताविषयी सांगितले जाईल' असे स्पष्ट लिहिलेले असेल, ही दोन वाक्ये मी ठरावात घालत आहे. 1890 मध्ये पुण्यातील पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांना प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. त्याच शहरात आपण आज माझ्या घरी प्रार्थनेला यायला तयार आहात, हे मी लहान मानत नाही.

खडकीच्या बाईंनी कान उपटला तो योग्यच आहे. मी काल त्या आजींकडे जाऊन आलो. त्यांची औषधे कोण आणते, असे विचारल्यावर कळले की भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण आणते. ती ख्रिस्ती नाही. आजींना ती रोज सकाळी पेज भरवते, पांघरुणाची घडी घालून उशाशी ठेवते आणि मग कामाला जाते. आपल्या मंडळीतील एकाही माणसाला तिचे नाव ठाऊक नव्हते. आजींकडे आपण नेमाने जात असतो तर त्या शेजारणीची ओळख आपोआप झाली असती. कळपाची काळजी आणि बाहेरच्यांपर्यंत जाणे ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात, हे मला म्हणूनच पटत नाही. या महिन्याची पहिली घरगुती सभा आजींच्या खोलीत व्हावी आणि त्याच दिवशी पाळकसाहेबांनी प्रभुभोजन द्यावे, असे मी सुचवले आहे.

निवृत्त शिक्षिका, खडकी:

सभेला मी येईन आणि शेजारणीला मीच सांगेन. तिला रविवारी सुट्टी नसते, त्यामुळे वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवावी. ठरावाला मात्र माझे मत अजून नाही. घरभेटींची नोंदवही आधी सभेपुढे ठेवा, ती पाहून ठरवीन.