रात्री कशेडी घाटातून जावं का? आई ऐकतच नाहीये

दादरकर_७७:
मंडळी, यंदा गणपतीला गाडी घेऊन राजापूरला जातोय. ऑफिस सुटून निघेपर्यंत दहा वाजणार म्हणजे पोलादपूर सोडून कशेडीला लागेपर्यंत दोन-अडीच. आई म्हणते त्या टायमाला तिकडून अजिबात नको, कोणीतरी हात दाखवतं, थांबलात तर संपलात आणि नाही थांबलात तर पुढच्या वळणावर टायर फुटतो. लहानपणापासून ऐकतोय हे. कोणाला खरंच काही दिसलंय का? मित्राच्या काकांचं नको, स्वतःचं सांगा.

खेडचा_पोऱ्या:
मला दिसलंय. वडिलांचा टेम्पो होता, मी आठवीत, पावसाळ्याची रात्र, धुकं एवढं की हेडलाईट टाकला की समोर पांढरी भिंत. एका वळणावर पांढरं काहीतरी हात हलवत उभं, माझी तर बोबडीच वळली, पण बाबांनी गाडी बाजूला घेतली. ट्रक बंद पडलेला आणि त्याचा क्लीनर डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेऊन मागच्या गाड्यांना सावध करत होता. बिचारा रडकुंडीला आलेला, म्हणे दोन तासात एक माणूस थांबला नाही, उलट बघितलं की स्पीड वाढवतात!
आणि टायरचं म्हणाल तर बंद गाडीच्या मागे दगड आणि झाडाच्या फांद्या लावतात ना, गाडी चालू झाली की फांद्या-दगड तिथेच टाकून निघून जातात. अंधारात पुढचा येतो तो त्यावरच. झालं भूत तयार.
बाबा अजून सांगतात, रात्री दोन ते चार डोळा लागायची वेळ, आणि मुंबईहून जेवून निघालेला माणूस नेमका तेव्हाच घाटात असतो.

वेंगुर्लेकर:
आमच्या आरवलीक येवा. थय वेतोबा रातभर गावची राखण करूक फिरता, लोक त्येका हे भलेमोठे चामड्याचे जोडे वाहतत, आणि ते झिजतत असा म्हणतत. आमका लहानपणी रात्री रस्त्यावर कोणाची चाहूल लागली की उलट बरा वाटायचा. म्हणजे सगळाच काय घाबरवणारा नसता ओ.

पनवेल_टू_पणजी:
अहो दादरकर, गणपतीच्या गर्दीत घाटात भुताला उभं राहायला तरी जागा मिळेल का 😂 आणि आता बोगदा झालाय की, जवळपास दोन किलोमीटरचा, 2023 च्या गणपतीत एक बाजू चालू केली होती. जुना घाट लागतच नाही. झोप आली तर मात्र पोलादपूरला चहा मारा, अर्धा तास पडा, मगच पुढे.

दादरकर_७७:
धन्यवाद सगळ्यांना. क्लीनरचा किस्सा आईला वाचून दाखवला, तिला त्याचं फार वाईट वाटलं. मग बोगद्याचं सांगितलं. तर म्हणते, डोंगराच्या पोटातून? रात्रीचं? मग तर मुळीच नको.