टिळकवाडी का आवडते
घर बघताय आणि बेळगावच्या टिळकवाडीत एवढं काय आहे असं विचारलंय, म्हणून लिहितो. पहिलं कारण व्हॅक्सीन डेपोची, म्हणजे लशींच्या जुन्या सरकारी केंद्राच्या आवारातली झाडी. मे महिन्यातही सकाळी तिथे गारवा असतो. फिरायला आलेली म्हातारी मंडळी मराठी-कन्नड मिसळून गप्पा मारतात. ही झाडी कुठल्याही परिस्थितीत टिकलीच पाहिजे.

आरपीडी, जीएसएस ही कॉलेजं जवळच, त्यामुळे मुलांची सोय होते. रेल्वे गेट पडलं की मात्र खोळंबा ठरलेला, वेळ हातात ठेवूनच निघा.

आणि काँग्रेस विहीर नक्की बघा. काँग्रेसच्या १९२४ च्या अधिवेशनाला, गांधीजी अध्यक्ष असलेल्या एकमेव अधिवेशनाला, पाणी पुरवायला ती खोदली होती. त्या अधिवेशनावरूनच इथल्या रस्त्याचं नाव काँग्रेस रोड. आमच्या भागाचा मला अभिमान आहे तो यासाठी.