मदत हवी आहे: ऊसतोडीसाठी कंबरेला आधार देणारा सांगाडा, पण चालताना मांडी मागं ओढतोय

कळंबेकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एम.टेक. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऊसतोड करणाऱ्यांसाठी बिनमोटरचा एक्सोस्केलेटन, म्हणजे अंगावर चढवायचा सांगाडा करतोय.

आधी मोळीसाठी करणार होतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी माणसं बघून कुणालाही तेच सुचेल. पण ते वजन मणक्यावर सरळ खाली येतं, तिथं कंबरेच्या स्प्रिंगला कामच नाही. कंबर मोडते ती तोडताना. बुडख्यात साखर जास्त म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा, म्हणजे दिवसभर वाकणं. वाकल्यावर धडाचं वजन वीतभर तरी पुढं जातं आणि ते पेलणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरवर. तरफेचं साधं गणित, पण मांडून बघितलं की घाम फुटतो.

रचना अशी: छातीवर पॅड, मांड्यांना पट्टे, खुब्याशी दोन्हीकडे टॉर्शन स्प्रिंग. वाकताना पिळते, उठताना परत देते. दोन्ही मिळून २५ न्यूटन-मीटरचा पीळ (टॉर्क).

लॅबमध्ये झकास. वडणग्याच्या फडात एका मामांना घालायला दिलं, तर वीस मिनिटांत काढून ठेवलं. "वाकायला बरं हाय, पण चालाय लागलं की कुणीतरी मागनं मांडी ओढतंय." बरोबरच आहे. पाऊल टाकतानाही धड आणि मांडीतला कोन कमीच होतो, स्प्रिंगला काय कळणार. मजुरी टनावर, त्यामुळं हात मंदावणारी वस्तू फुकट दिली तरी कुणी घालणार नाही.

२०१५ साली अमेरिकेतले संशोधक स्टीव्ह कॉलिन्स यांच्या गटानं 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात घोट्याचा बिनमोटरचा सांगाडा मांडला होता. पाऊल टेकलेलं असताना क्लच स्प्रिंग धरतो, उचललं की सोडतो. चालण्यातली सुमारे ७ टक्के ऊर्जा वाचली. तसा क्लच खुब्याला चालेल का? भीती चिखलाची आणि पाचटाची. सेन्सर नकोत, फडात चार्जिंग कुठं करणार?

शिवाय पाठीच्या ईएमजीत (स्नायूंच्या विद्युत संकेतांच्या नोंदीत) हृदयाचे ठोके घुसतात, त्यावरही उपाय सांगा.

उद्यमनगरवाला:
भावा, क्लचच्या नादाला लागू नको. ट्रॅक्टरचा डिफरन्शियल आठव, वळताना दोन चाकं वेगळ्या वेगानं फिरू देतो तो. दोन्ही स्प्रिंगा काढ. पाठीवर एकच स्प्रिंग, तिला कप्पी टांग. एकच केबल डाव्या मांडीपासनं कप्पीवरनं उजव्या मांडीला. चालताना एक मांडी पुढं, एक मागं, केबल नुसती सरकंल. वाकला की दोन्हीकडनं ओढ, कप्पी खाली, स्प्रिंग ताणली. केबल मोटरसायकलची वापर. (क्लचचीच!)

फिजिओताई:
ठोक्यांसाठी ३० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे संकेत गाळणारा) लावा, बरंच जाईल. इलेक्ट्रोड पहिल्या लंबर (कंबरेच्या) मणक्यापासून दोन बोटं बाजूला. आधी पूर्ण जोर लावून मोजा आणि आकडे त्याच्या टक्क्यांत द्या, नाहीतर दोन माणसांची तुलना होत नाही. पोटाचे स्नायूही मोजा. स्प्रिंग ताठ असली तर माणूस पोटाच्या जोरावर तिला दाबत वाकतो, म्हणजे पाठीचं ओझं पोटावर.

एथिक्स कमिटीची परवानगी घेतलीय ना? "मामा, घालून बघा" वेगळं आणि नोंदी घेणं वेगळं.

आणखी एक. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वाकण्यात बाई कुठं कमी आहे? मांडीचे पट्टे साडीवर कसे बांधणार?

कळंबेकर:
दादा, सुतळी आणि पडद्याची कप्पी लावून कॉरिडॉरमध्ये चाललो, मांडी मोकळी! जिन्यावर थोडी ओढ लागते, पण फडात जिना नाही. स्प्रिंगची ओढ आता खांद्यावर येते, तिथं पट्टे रुंद करतो.

ताई, परवानगीचा अर्ज आजच सरांकडे दिला. मिळेपर्यंत घालणारा मीच. साडीचं मात्र खरंच डोक्यात आलं नव्हतं. पट्टा गुडघ्याखाली घेतला तर गुडघा वाकला की केबल ढिली पडेल. इथं कुणाची आई-मावशी तोडीला जात असेल तर सांगा, काम करताना साडी नेमकी कुठं खोचतात?