आधी उतारा, मग प्रश्न

एलसॅट या अमेरिका-कॅनडातल्या कायदा प्रवेश परीक्षेच्या वाचन-आकलन विभागात आधी प्रश्न वाचायचे आणि मग उताऱ्यात उत्तरं हुडकायची, असा सल्ला काही जण देतात, तो मला काही पटला नाही. ३५ मिनिटांत चार उतारे आणि साधारण २७ प्रश्न, त्यामुळे घाई समजू शकते. पण इथे लेखकाचा मुख्य मुद्दा काय, अमुक परिच्छेद कशासाठी आलाय, लेखक कुठल्या विधानाशी सहमत होईल, असंच बरंच विचारतात. ते आधी वाचून हाती काय लागणार? डोक्यात गर्दी तेवढी होते.

त्यापेक्षा वाचताना कुठलं मत कुणाचं, ते पक्कं धरा. 'काही समीक्षकांच्या मते' अशी सुरुवात झाली की बहुधा पुढे 'परंतु' येतोच आणि तिथून लेखक स्वतःचं बोलू लागतो. फसवे पर्याय नेमके इथे पेरलेले असतात: शब्द उताऱ्यातलेच, पण मत विरोधकाचं. किंवा लेखक 'काही' म्हणतो आणि पर्यायात हळूच 'सर्व' होतं. विज्ञानाच्या उताऱ्यात तर विज्ञानवालेच जास्त अडकतात, कारण पदरचं ज्ञान घालतात!

चारांपैकी एक म्हणजे दोन छोट्या उताऱ्यांची जोडी असते. तिथे पहिला वाचून फक्त त्याच्यावरचे प्रश्न उरकावेत, मग दुसऱ्याकडे वळावं.

आणि एकही प्रश्न कोरा सोडू नका, चुकीला गुण कापत नाहीत. क्लॅट ही भारतातली कायदा प्रवेश परीक्षा देणाऱ्यांनी मात्र हे उचलू नये, तिकडे प्रत्येक चुकीला ०.२५ जातात.