मदत हवी आहे: नवऱ्यासाठी नऊवारी

आमचे हे दशावतारात स्त्रीपार्ट करतात. चार वर्षं माझ्या लग्नातलाच नऊवारी शालू नेसतात. दुसरा घ्या म्हटलं की म्हणतात, ‘तुझो शालू नेसलंय की तू वांगडा (सोबत) असल्यासारख्या वाटता.’ काय बोलणार!

पण रात्र रात्र घामाने काठाची जर सुटलीय, पदराला तोंडावरच्या रंगाचे डाग बसलेत. त्रिपुरारी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतील, त्याआधी गुपचूप नवा द्यायचाय. कुडाळ-सावंतवाडीकडे वजनाला हलका पण उजेडात झळकणारा कुठे मिळेल? उंची पाच फूट दहा. नऊ वार पुरेल ना? आणि जुन्याचे डाग कशाने जातील? तो मला परत हवाय. कृपया त्यांना कळू देऊ नका.